चढत्या दिवसांचंही सांग

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, डॉक्टर म्हणाले डिप्रेशन आहे, गोळ्या लिहून दिल्यात," आणि पाठोपाठ "तू काळजी करू नकोस" म्हणून फोन ठेवलास. काळजी मी करतेच आहे, त्याचं काही नाही. पण एक गोष्ट तुझ्या कानावर घालायची आहे आणि ती फोनवर नीट सांगता येणार नाही. मध्येच माझा गळा भरून येईल आणि तू विषय बदलशील. म्हणून लिहायला बसले. हे पत्र डॉक्टरांना दाखवलंस तरी माझी हरकत नाही. बाबांचीही नाही, त्यांना विचारूनच लिहिते आहे.

डॉक्टरांना तू पडलेल्या दिवसांचं सांगितलंस. चढत्या दिवसांचं सांगितलंस का? आणि बाबांचं?

आमच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि आम्हीही आपणहून सांगितलं नाही. त्यात पाच वर्षं गेली.

२००९ च्या नोव्हेंबरात आपली द्राक्षबाग फुलोऱ्यात असताना पाऊस झाला. दावण्या हा बुरशीचा रोग आला, घड कुजले. तू तेव्हा दुसरीत होतीस. बाबा अंथरुणाला खिळले. पहाटे तीनला जाग यायची, मग उजाडेपर्यंत आढ्याकडे बघत पडायचे. सकाळ सगळ्यात वाईट जायची, संध्याकाळी जरा दोन शब्द बोलायचे. ताट पुढ्यात गार व्हायचं. अंगावरचे कपडे लोंबायला लागले. विचारलं तर "डोकं जड झालंय, पित्त वाढलंय" एवढंच. मन उदास आहे असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, आणि आपल्याकडची बापय माणसं सहसा म्हणतच नाहीत. अंग दुखतं म्हणतील, चिडचिड करतील, पण उदास हा शब्द तोंडातून निघत नाही.

बाग गेली, सोसायटीचं कर्ज उरावर, मग माणूस असा होणारच, असं मी म्हणायचे, काका म्हणायचे, सगळं गाव म्हणायचं. आजींनी अंगारा आणला, नजर उतरली. कारण डोळ्यासमोर होतं, त्यामुळे त्याच्या पलीकडे कोणी बघितलंच नाही. पण मनू, त्याच पावसात आपल्या बांधाला लागून असलेल्या तीन बागा गेल्या होत्या. ती माणसंही रडली, बायकोवर ओरडली, आणि महिन्याभरात पुन्हा कामाला लागली. बाबा मार्चपर्यंत उठले नाहीत.

आता मला त्यातला फरक कळतो. मन उदास असणं किंवा कशातच गोडी न वाटणं, ह्यातलं एक तरी दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे. त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा नुसती तगमग, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, मरणाचे विचार. अशा नऊ लक्षणांपैकी पाच असतील आणि रोजची कामं अडली असतील, तर डॉक्टर त्याला डिप्रेशन म्हणतात. तुझं हे जुळतंय असं त्यांना वाटलं असेल तर ते बरोबरच असेल. मला त्यांच्यात चूक काढायची नाही. पण बाबांचंही सगळं जुळत होतं.

आता चढत्या दिवसांचं लिहिते. हे लिहायला जड जातं, कारण ते दिवस मला आवडायचे.

एप्रिलमध्ये खरड छाटणी सुरू झाली आणि बाबा एका आठवड्यात उठून उभे राहिले. मी देवीला नारळ फोडला. ते रात्री दोनला उठायचे, दिवा लावून बेदाण्याच्या शेडचे नकाशे काढायचे, तुझ्या वह्यांच्या मागच्या पानांवर हिशेब मांडायचे, आणि सहाला मजुरांच्या आधी बागेत हजर. तीन तास झोप, पण चेहऱ्यावर थकवा नाही. गाणी म्हणायचे. येईल त्याला चहा पाजायचे. तुला गणपतीपुळ्याची ती रात्र आठवते? बाराला आपल्या दोघींना उठवलं, जीप काढली, आणि पहाटे समुद्रावर नेलं. तू शाळेच्या निबंधात ते लिहिलं होतंस, 'माझे बाबा' म्हणून. त्या निबंधाचं पान माझ्याकडे अजून आहे.

असा माणूस दवाखान्यात जाईल कशाला? आणि मी तरी का नेईन? पाच महिने मुडद्यासारखा पडलेला नवरा गाणं म्हणतोय, तर बायको तक्रार करेल का? म्हणूनच ह्या आजाराचा अर्धा भाग डॉक्टरांपर्यंत पोचत नाही. माणूस जातो ते पडल्यावर, आणि सांगतो तेही पडलेल्याचंच.

पुढं असंच वर-खाली चाललं. २०१४ च्या पावसाळ्यात पुन्हा पडले, तेव्हा मी हट्टानं एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दहा मिनिटांत डिप्रेशनच्या गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या आठवड्यात बाबा बरे झाले, आणि मग बरे होण्याच्या पुढं गेले. चार लाखांचा जुना टेम्पो घेतला, मला न विचारता. शेजारच्या गावातल्या दोघांना शेडसाठी उचल देऊन आले. बोलणं एवढं भरभर की एक विषय पुरा व्हायच्या आत दुसरा. मध्ये कोणी अडवलं की अंगावर धावून जायचे. तुला त्या दिवसांत मी मामाकडे ठेवलं होतं, ते ह्यासाठी. तुला सांगितलं होतं, घरात रंग द्यायचाय.

मिरजेला ज्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी पहिला प्रश्न झोपेचा विचारला. झोप येत नाही, की झोपेची गरजच वाटत नाही? मला आधी फरकच कळेना. त्यांनी समजावलं. चिंतेनं झोप उडाली तर माणूस दुसऱ्या दिवशी मरगळलेला असतो. झोपेची गरजच कमी झाली तर तीन तासांत तो टवटवीत असतो. मग विचारलं, असं पूर्वी कधी झालं होतं? मी म्हटलं, नाही. मला खरंच तसं वाटत होतं. घरी कॅलेंडरवर काही लिहून ठेवता का, म्हणाले.

तुला माहीतच आहे, मी दुधाचा रतीब, सिलिंडरची तारीख, मोटारीच्या लाईटच्या वेळा सगळं कॅलेंडरच्या चौकोनांत लिहिते, आणि जुनी कॅलेंडरं टाकत नाही. ट्रंकेतून चार वर्षांची काढून नेली. दुधाच्या आकड्यांच्या बाजूला बारीक अक्षरात मीच लिहिलं होतं: 'हे रात्रभर जागे.' 'पुन्हा जागे.' 'पाहुणे आठ, यांनी बोलावले.' 'यांना बरे नाही, जेवले नाहीत.' डॉक्टरांनी एक-एक पान उलटत पेन्सिलीनं खुणा केल्या. चार चढ, तीन उतार. चढ सात-आठ दिवसांचे, उतार महिना-महिन्याचे. मी चार वर्षं रोज ते लिहीत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

असे चढ आणि उतार आलटून-पालटून येणाऱ्या आजाराला बायपोलर म्हणतात, तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. डॉक्टर म्हणाले, हा आजार बहुतेक वेळा आधी डिप्रेशनचंच रूप घेऊन येतो, त्यामुळे ओळखायला वर्षं जातात. चढता काळ सौम्य असेल तर निदान चार दिवस सलग दिसावा लागतो, तीव्र असेल तर आठवडा. आणि अशा माणसाला नुसती डिप्रेशनची गोळी दिली, तर ती कधीकधी त्याला उताराकडून चढाकडे ढकलते. आपल्या घरी हेच झालं होतं. त्यांनी थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ असं रक्त तपासलं, पण ते दुसरं काही दुखणं नाही ना हे बघायला. बायपोलर दाखवणारी रक्ताची चाचणी नाही. ते कळतं सांगण्यातून, आणि सांगणारं माणूस नीट सांगेल तेवढंच कळतं. म्हणून तर हे एवढं लांबण लावलं आहे.

बाबांना लिथियम सुरू झालं, मूड सांभाळणारं औषध. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी १९४९ साली त्याचा उपयोग दाखवला, म्हणजे औषध जुनं आणि पारखलेलं आहे. पण शिस्तीचं आहे. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, रक्तातली लिथियमची पातळी ठरावीक मापातच हवी. मूत्रपिंड आणि थायरॉईडची तपासणी दर काही महिन्यांनी. एकदा एप्रिलच्या उन्हात बाबा दिवसभर बागेत राबले, पाणी कमी प्यायले, वरून गुडघ्यासाठी मेडिकलमधून ब्रुफेन घेतली. दोन दिवसांत हात थरथरायला लागले, उलट्या झाल्या, चालताना झोक जायला लागला. पातळी वाढली होती. वेळेवर नेलं म्हणून निभावलं. तेव्हापासून बागेत जाताना पाण्याचा कॅन मी भरून देते, आणि दुखण्याची कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात येत नाही.

तू एकदा विचारलं होतंस, गणपतीपुळ्याला नेणारे बाबा खरे की आजार खरा? तेव्हा मी उत्तर दिलं नाही. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, अशी विभागणी करत बसू नका. पण मला काय वाटतं ते सांगते. समुद्राचं वेड बाबांचं आहे. गेल्या मार्चमध्येही आम्ही गेलो होतो. दोन दिवस आधी ठरवून, पैशांचा हिशेब करून, रात्री पुरी झोप घेऊन. पाण्यात उभे राहून त्यांनी तेच गाणं म्हटलं.

आता तुझं. मागच्या वर्षी गौरी यायच्या आधीचे अकरा दिवस आठव. पहाटे तीनला तुझे मेसेज यायचे, एकामागून एक. नोकरी सोडून फोटोग्राफी करायची, कॅमेरा हप्त्यावर घेतलास, मैत्रिणींसाठी सतरा साड्या मागवल्यास, आणि "आई, मला झोपच लागत नाही आणि काही फरकही पडत नाही" म्हणालीस. मी काय म्हणाले माहीत आहे? "पोरगी रुळली." आनंद झाला मला. दोनदा फसलेली बाई तिसऱ्यांदाही तशीच फसली. मग दिवाळीनंतर तू घरी यायचं टाळायला लागलीस.

ते नुसता उत्साह असेलही. तुझ्या वयात माणूस जागतं, उधळतं. मी डॉक्टर नाही आणि तुझ्यावर शिक्का मारायचा नाही. आईवडिलांपैकी एकाला बायपोलर असेल, तर शंभरातल्या साधारण पाच-दहा मुलांना होतो. म्हणजे निदान नव्वदांना होत नाही. पण गोळी ठरवताना डॉक्टरांना हे माहीत असायलाच हवं. उद्याच फोन करून सांग: वडिलांना बायपोलर आहे, लिथियम चालू आहे, डिप्रेशनच्या गोळीवर ते चढले होते, आणि माझे ते अकरा दिवस असे गेले. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नकोस, डॉक्टरांना विचारूनच काय ते कर. आणि मूड सांभाळणारी गोळी द्यायची वेळ आली, तर तुझ्या वयाच्या मुलीला कुठली चालते ते स्पष्ट विचार. व्हॅल्प्रोएट नावाची गोळी पुढं दिवस राहिले तर गर्भाला धोक्याची असते.

एक प्रश्न मी सरळ विचारते, बाबांनाही असाच विचारला होता. जीव नकोसा होतो का? विचारल्यानं कोणाच्या डोक्यात ते शिरत नाही, मला तसं डॉक्टरांनी ठणकावून सांगितलं होतं. बाबा तेव्हा बराच वेळ गप्प बसले आणि "होय" म्हणाले. त्याच दिवशी मी फवारणीच्या औषधांच्या खोलीला कुलूप घालून किल्ली काकांकडे दिली. ती आजही तिथंच असते, बाबांनीच तशी ठेवायला सांगितली. तुझं उत्तर होय असेल तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी मला फोन कर. माझा नाही लागला तर १४४१६ लाव, टेलिमानस म्हणून मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

गुरुवारी तुझी पुढची तारीख आहे ना? मी बुधवारी सकाळच्या एसटीनं निघते. डॉक्टरांसमोर तू बोल, मी मध्ये पडणार नाही. तू विसरशील तेवढंच सांगेन. बाबा छाटणीमुळे येऊ शकत नाहीत, पण त्यांची फाईल आणि ती चार कॅलेंडरं पिशवीत भरून ठेवली आहेत. मी येईपर्यंत एक कर: काल किती वाजता झोपलीस, कितीला उठलीस, आणि उठल्यावर कसं वाटलं, एवढंच रोज एका ओळीत मला पाठव. बुधवारच्या आधी पाच ओळी होतील.

बाबांनी तुझ्यासाठी बेदाणे निवडून ठेवलेत, हिरवे, तुला आवडतात ते.

तुझी,
आई