बांधावरच्या उपासनेबद्दल मामांना पत्र

आदरणीय मामा,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

मंडळीच्या वहीत तुमच्या नावापुढे नुसतं 'पंच' लिहिलंय. शनिवारची बांधावरची उपासना तुम्ही लावून दिलीत, त्याची नोंद कुठंच नाही. म्हणून हे उघड पत्र. आजूबाजूच्या मंडळ्यांनाही ती धरता यावी, यासाठी तुमची रीतही इथंच मांडतो.

दिवस उगवायच्या अर्धा तास आधी बांधावर पोचायचं. मोबाईल घरी. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची, जी दिसली किंवा ऐकू आली ती, नावासकट. नुसतं 'पाखरू' तुम्हाला चालत नाही. कोतवाल, चंडोल, तितर असं म्हणावं लागतं. नाव येत नसेल तर रंग, शेपटी आणि कुठं बसलं होतं ते सांगायचं. त्यानंतर बायबलातल्या स्तोत्र 104 चा एक तुकडा. सगळ्या 35 ओव्या एका दमात वाचल्या की पोरं चुळबुळतात आणि मोठी माणसं जांभया दाबतात. तुम्ही पाडलेले तुकडे असे: 1 ते 9 उजेड आणि पाण्याच्या हद्दी, 10 ते 18 झरे, गवत, घरटी, 19 ते 23 रात्र आणि कामाला निघालेला माणूस, 24 ते 30 समुद्र आणि श्वास, मग उरलेल्या पाच. पेरणीच्या दिवसांत तिसराच तुकडा घ्यायचा, कारण तो संपला की सगळ्यांना रानात जायचंच असतं.

गाणं एकच, शक्यतो टिळकांचा अभंग, तोही पेटीशिवाय. नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवलं, आणि ते टाळावर म्हणायला सोपं, असं तुम्ही म्हणता. सूर मात्र देवळापेक्षा (म्हणजे चर्चपेक्षा) खाली धरायचा. उघड्यावर भिंती नाहीत, आवाज परत येत नाही, माणसं ओरडायला लागतात आणि दुसऱ्या कडव्याला सूर पार चढलेला असतो.

शेवटची प्रार्थना फक्त स्तुतीची. सगळे घसरतात ते इथंच. 'प्रभू, आभाळ किती सुंदर केलंस' म्हणून झालं की लगेच 'आता पाऊस दे'. तुमचा नियम सरळ आहे: मागणं रविवारी देवळात, बांधावर नुसते आभार. जून कोरडा गेला की हा नियम पाळणं जिवावर येतं, हे तुम्हीही कबूल करता.

सगळ्यात मोठे आभार मात्र खोट्या कौतुकापासून सोडवल्याबद्दल. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबतात. सुगरण खोप्यात उजेडासाठी काजवा चिकटवते, हे इथं सगळेच सांगतात. तुम्ही पडलेला खोपा फाडून दाखवलात: आत मातीचे वाळलेले गोळे, काजवा नाही. विणणारा नर असतो. मादी अर्धवट खोपे तपासून एक पसंत करते आणि मगच नर पुढची नळी विणतो. नापसंत खोपे तसेच अर्धे टांगलेले राहतात. बहुतेक खोपे झाडाच्या पूर्व अंगाला असतात, नैऋत्येकडून येणारा पावसाळी वारा चुकवायला. (नाव मात्र भाषेनं मादीला दिलं, त्याला इलाज नाही.) जे देवानं केलंच नाही त्याचं श्रेय त्याला देऊ नका, हे तुमचं म्हणणं आता पोरांनाही पाठ झालंय.

आणि गारा. स्तोत्र 148 मध्ये आठव्या ओवीत विस्तव, गारा, हिम आणि वादळवारा यांनाही स्तुतीला बोलावलंय. हिम मराठवाड्यात पडत नाही. गारा काय करतात ते 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यांनी पाहिलं. हुरड्यातून निघालेली ज्वारी आडवी, हरभऱ्याचे घाटे मातीत, आंब्याचा मोहोर खाली. तुमचा शिरस्ता असा की ती ओवी वगळायची नाही, पण गारपीट झालेल्या आठवड्यात ती वाचायचीही नाही. त्या आठवड्यात स्तोत्र 13, 'किती काळ' विचारणारं. आणि ज्याचं रान गेलं त्याला 'देवाची इच्छा' म्हणून समजावायला कुणी जायचं नाही. पंचनाम्याआधी काही हलवायचं नसतं, त्यामुळे आधी फोटो काढायला आणि नंतर कणसं वेचायला जायचं. आठव्या ओवीकडे परत कधी यायचं, ते त्या घरानं ठरवायचं.

हंगामाचा सण दिवाळीच्या पुढेमागेच का, हा वादही तुम्हीच सोडवलात. शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, तर फेब्रुवारी-मार्चात निघतो. त्याच्या पहिल्या कणसांची पेंढी तेव्हा वेगळी आणायची, पूर्ण वाळवून. ओल राहिली तर वेदीपाशीच बुरशी धरते आणि अर्पणाच्या लिलावात कुणी बोली लावत नाही.

राहिला स्तोत्र 104 चा चौथा, समुद्राचा तुकडा. मंडळीतल्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिलेला नाही, म्हणून जानेवारीत तो पैठणच्या नाथसागर जलाशयाच्या काठावर वाचायचा, असं तुम्हीच ठरवलं होतं. रोहित (फ्लेमिंगो) आणि चक्रवाक ही पाखरं तेव्हा पाण्यावर असतात. यंदाही गाडी सांगून ठेवलीय. 24 वी ओवी तुम्हीच वाचायची.

आपली,
मंडळी