अर्जातलं एक पान

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर आई नुसतं "बरं बरं" म्हणते आणि बाबा आधी "पैसे किती लागतील" ते विचारतात. मला सगळं नीट सांगायचंय, म्हणून लिहायला बसले.

मी इथल्या आमच्या काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात हेल्थ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजीच्या दोन वर्षांच्या कोर्सला अर्ज करतेय. सगळा अर्ज भरून झालाय, एकच पान अडलंय. "हाच कोर्स का निवडला?" ते त्या पानावर लिहायचंय. तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. चौथ्यांदा मी बाबांना ॲडमिट केलं त्या रात्रीचं लिहिलं.

मी तेव्हा सुट्टीला घरी आले होते. बाबांच्या पायाची जखम चिघळली होती, ताप उतरत नव्हता. दवाखाना तोच, पाच वर्षांपूर्वी बाबा तिथेच होते, पण जुनी फाइल रेकॉर्ड रूममध्ये सापडेना. नवा केसपेपर निघाला आणि त्यावर ॲलर्जीच्या रकान्यात कुणीतरी नुसती आडवी रेघ ओढली. सिस्टर इंजेक्शन भरून आल्या तेव्हा, आई, तू विचारलंस, "पेनिसिलिनमधलं आहे का? ह्यांना चालत नाही. मागं अंगभर गांधी उठल्या होत्या, श्वास लागला होता." त्या म्हणाल्या, पेपरवर तसं काही नाही. तू वाद घातला नाहीस. बाबांच्या सलाइनच्या हातावर आपला हात आडवा धरलास आणि म्हणालीस, "डॉक्टरांना बोलवा." डॉक्टर आले आणि औषध बदललं.

मी तिथेच उभी होते आणि मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. बाबांना पेनिसिलिन चालत नाही हे पोटच्या मुलीला ठाऊक नव्हतं. ते फक्त तुला ठाऊक होतं, आणि त्या न सापडलेल्या फाइलला. त्या वेळी तू औषधं आणायला खाली गेली असतीस तर? परत आल्यावर कितीतरी रात्री मी हाच विचार करत पडून राहायचे.

बाबा, ह्या कोर्सचं काम म्हणजे ती फाइल. पेशंटला काय झालं, काय दिलं, काय चालत नाही हे बरोबर नोंदलेलं आहे ना, पुढच्या डॉक्टरला वेळेत मिळतंय ना आणि नको त्याच्या हाती पडत नाही ना, हे बघणं. प्रत्येक निदानाला इथं एक कोड असतो. पेनिसिलिनच्या ॲलर्जीचा झेड ८८.०. तुमच्या डायबेटिसचा ई ११.९, म्हणजे गुंतागुंत काही नाही. पण पायाला जखम झाली की तो ई ११.६२१ होतो, आणि जखम कुठल्या पायाला, किती खोल, ह्याचा कोड आणखी वेगळा. अमेरिकेनं १ ऑक्टोबर २०१५ ला जुनी यादी सोडून ही नवी घेतली तेव्हा निदानाचे कोड सुमारे १४ हजारांवरून सुमारे ६९ हजारांवर गेले. दर ऑक्टोबरला त्यात भर पडते. मी ज्या दवाखान्यात फ्रंट डेस्कवर बसते तिथं एका अक्षराच्या चुकीनं विम्याचे क्लेम परत आलेले रोज बघते. पेशंट बिचारे फोन करून विचारतात, आमचं काय चुकलं?

"एवढी बी.कॉम. झालीस आणि आता कारकुनी शिकणार?" असं तुमच्या मनात येईल. तसं नाही हो. १९२८ साली इथल्या हॉस्पिटलांमधल्या रेकॉर्ड सांभाळणाऱ्यांनी आपली संघटना काढली. ग्रेस व्हाइटिंग मायर्स तिच्या पहिल्या अध्यक्ष, बोस्टनच्या मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात त्या रेकॉर्ड बघायच्या. त्या संघटनेचं मुख्य ऑफिस आज शिकागोत आहे, आमच्या नेपरव्हिलहून लोकलनं तासाभरावर. कोर्सनंतरची आरएचआयटीची, म्हणजे ह्या कामाच्या प्रमाणपत्राची, परीक्षा त्यांचीच. तिला बसायला मान्यता असलेल्या कॉलेजातून शिकावं लागतं, म्हणून मी फी विचारायच्या आधी मान्यता बघून घेतली. फी युनिव्हर्सिटीपेक्षा बरीच कमी आहे, काउंटीत राहणाऱ्यांना तर आणखी कमी. माझ्या पगारातून साठवलंय. तुम्ही एफडीला हात लावायचा नाही.

शरीररचना आणि मेडिकल टर्मिनॉलॉजी हे दोन विषय मी आधीच संध्याकाळच्या वर्गात सुरू केलेत. कॉमर्सवाल्या मला हाडांची नावं जड जातात, पण टर्मिनॉलॉजी नाही. बाबा, तुम्ही आम्हाला समासाचा विग्रह करायला लावायचात, अगदी तसंच आहे हे. हायपो म्हणजे कमी, ग्लायक म्हणजे साखर, एमिया म्हणजे रक्तात. हायपोग्लायसेमिया. तुम्हाला दरदरून घाम सुटतो आणि आई गुळाचा खडा घेऊन धावते, ते. हा शब्द वहीत फोडून लिहिला तेव्हा तासगावच्या शाळेतला तुमचा खडूनं पांढरा झालेला हात आठवला आणि मी बराच वेळ पुढं काही लिहिलं नाही.

आता मूळ मुद्दा. ह्या कामाचा पाया म्हणजे पेशंटची माहिती पेशंटची असते. इथं त्यासाठी १९९६ पासून कायदा आहे, पहिल्या सत्रापासून शिकवतात. आणि मी अर्जातच बाबांचा आजार, ती रात्र, आईचं बोलणं, सगळं तुम्हाला न विचारता लिहून मोकळी झाले. गावाचं किंवा दवाखान्याचं नाव घातलेलं नाही, तरी ते बाबांचं आहे. म्हणून ते पान तसंच ठेवलंय. बाबा, तुम्ही हो म्हणालात तरच पाठवीन. नको वाटलं तर स्पष्ट सांगा, मला जराही वाईट वाटणार नाही, मी दुसरं लिहीन. पंधरा तारखेपर्यंत वेळ आहे.

आई, तुझ्याकडे दोन कामं. हॉस्पिटलात प्रॅक्टिकलला पाठवण्याआधी लसींची नोंद मागतात. माझं लहानपणीचं लसीचं कार्ड तुझ्या लोखंडी कपाटात साड्यांखाली असेल, त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो पाठव. चौथीत मला कांजिण्या आल्या होत्या ना? तू अंथरुणावर कडुलिंबाचा पाला घातला होतास. त्याचा कागद नसला तरी चालेल, इथं रक्त तपासून कळतं. माझ्या डाव्या दंडावरच्या व्रणाला आपण देवीची खूण म्हणायचो, तो बीसीजीचा आहे. त्या लसीमुळे टीबीची कातडीवरची टेस्ट चुकून पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून त्याचीही रक्ताचीच टेस्ट करून घेतेय.

शिवाजी विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट बंद पाकिटात लागतात. त्यासाठी दादा कोल्हापूरला जाणार आहे, तुम्ही उन्हातान्हात निघू नका.

आणि बाबा, तुमचा तो आरोग्याच्या नोंदी एकत्र ठेवायचा चौदा आकडी आभा नंबर काढलाय, पण त्याला अजून एकही रिपोर्ट जोडलेला नाही. दादा आला की त्याच्याकडून जोडून घ्या. तोवर एका कागदावर लाल पेनानं मोठ्या अक्षरात लिहा, "पेनिसिलिन चालत नाही", आणि तो कागद पाकिटात, पैशांच्याही पुढं ठेवा.

तुमच्या उत्तराची वाट बघतेय.

तुमची,
मनू