हाकोदातेहून पत्र: बाच्यानचं गाणं

हाकोदाते, होक्काइदो, जपान
रविवार, डिसेंबर

ती. सौ. आई आणि ती. आप्पा,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "आवाज असा का गं, रडलीस का?" मी नाही म्हटलं. खरं म्हणजे रडले होते, पण तुला वाटलं त्या कारणानं नाही. फोनवर ते धड सांगता आलं नसतं. आज सुट्टी आहे, सकाळपासून बर्फ पडतोय, म्हणून सगळं लिहायलाच बसलेय.

आमच्या होममध्ये, म्हणजे मी काम करते त्या वृद्धाश्रमात, दुपारच्या चहाआधी अर्धा तास गाण्यांचा असतो. ठळक अक्षरांत छापलेले कागद आम्ही सगळ्यांच्या हातात देतो, पण तिकडे कुणी बघत नाही. सकाळी जेवलो की नाही हेसुद्धा ज्यांना आठवत नाही, त्यांना तिन्ही कडवी तोंडपाठ असतात. आणि गाणी कसली, तर निम्मीअधिक कुणाला तरी सोडून जाण्याची! पहिले काही महिने मला कळायचंच नाही, की दिवसभर "ठीक आहे, ठीक आहे" म्हणणारी ही माणसं गाताना एवढं दुःख कुठून आणतात.

सगळ्यांच्या आवडीचं गाणं म्हणजे 'आका तोंबो', लाल चतुर किडा. कविता मिकी रोफू यांची, १९२१ सालची. तिला चाल लावली यामादा कोसाकु यांनी १९२७ मध्ये. संध्याकाळच्या तांबूस उजेडात एक चतुर दिसतो आणि माणसाला आठवतं, की लहानपणी आपण तो कुणाच्या तरी पाठीवरून पाहिला होता. ती पाठ त्याला सांभाळणाऱ्या पोरीची. पंधराव्या वर्षी तिचं लग्न होतं, ती निघून जाते, मग गावाकडची खबरबातही येईनाशी होते. या कवीची स्वतःची आईसुद्धा तो लहान असतानाच घर सोडून गेली होती. गाण्यात आईचं नावही नाही. मला मात्र प्रत्येक वेळी तीच दिसते.

आप्पा, हे तुमच्यासाठी. पेटी काढा आणि नुसते सा रे ग प ध वाजवा. 'आका तोंबो' त्याच पाच सुरांत आहे, आपल्या भूपाच्या! इथे या सुरावटीला 'योनानुकी' म्हणतात. 'यो' म्हणजे चौथा, 'ना' म्हणजे सातवा आणि 'नुकी' म्हणजे काढून टाकलेला. मध्यम-निषाद वर्ज्य, दुसरं काय! आता गंधार आणि धैवत कोमल करा. म्हणजे शिवरंजनीच, फक्त धैवत उतरलेला. इथली 'एन्का' म्हणून जी विरहाची, दारूच्या पेल्यापाशी बसून गायची गाणी आहेत, त्यातली कितीतरी याच सुरांवर उभी आहेत. गाताना शब्दाच्या शेवटी आवाज असा काही हलवतात, की मला आपल्या काकड आरतीतले बुवा आठवतात. त्या हलवण्याला इथे 'कोबुशी' म्हणतात.

आता बाच्यानबद्दल सांगते. आजीला इथे प्रेमानं बाच्यान म्हणतात. कामावर आडनावानंच हाक मारावी लागते, पण मनातल्या मनात मी त्यांना बाच्यानच म्हणते. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचं गाणं एकच, 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी', म्हणजे त्सुगारु सामुद्रधुनीचं हिवाळ्यातलं दृश्य. इशिकावा सायुरी यांनी ते १९७७ मध्ये गायलं, तेव्हा त्या विशीच्याही आत होत्या. तोक्योच्या उएनो स्टेशनवरून रात्रीची गाडी पकडून एक बाई निघते. आओमोरीला उतरते तर स्टेशन बर्फात बुडालेलं. उत्तरेकडे घरी परतणारी सगळी माणसं गप्प, आवाज फक्त समुद्राचा. ती एकटीच बोटीत चढते. खिडकीच्या काचेवर वाफ धरलेली असते, ती हातानं पुसून बाहेर बघते, तर पलीकडे नुसतं धूसर. तिचं काय बिनसलं, कुणी सोडलं, का सोडलं, याबद्दल गाण्यात चकार शब्द नाही. काच पुसणारा हात तेवढा दिसतो.

ती बोट आओमोरीहून इथे, हाकोदातेलाच यायची. १९०८ पासून ही फेरी होती. १३ मार्च १९८८ ला समुद्राखालून जवळजवळ ५४ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि त्याच दिवशी ती बंद झाली. त्यातली एक जुनी बोट इथल्या धक्क्याला जतन करून ठेवलीय. माझी बस तिच्याजवळूनच जाते.

बाच्यान १९६० मध्ये याच धक्क्यावरून निघाल्या, पंधरा वर्षांच्या असताना. शाळा संपली की उत्तरेकडची पोरं घोळक्यानं तोक्योला कामाला न्यायचे. १९५४ ते १९७५ पर्यंत त्यासाठी खास गाड्या सुटायच्या, आणि त्या पोरांना म्हणायचे 'सोन्याची अंडी'. बाच्यान म्हणाल्या, "बोट सुटताना रंगीत कागदी फितींची भेंडोळी असायची. एक टोक माझ्या हातात, भेंडोळं धक्क्यावर आईच्या हातात. बोट लांब जाईल तसं ते उलगडत जायचं." हे सांगताना त्या शालीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, परत सोडत होत्या, परत गुंडाळत होत्या. "मग संपतं," एवढंच म्हणाल्या.

सात वर्षांनी त्या परत आल्या, कुणालाही न कळवता, त्याच बोटीनं. का आल्या ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे दहा वर्षांनी हे गाणं रेडिओवर लागलं, तेव्हा त्या भांडी घासत होत्या. नळ तसाच वाहत राहिला म्हणाल्या.

पुरुषांचं गाणं वेगळं. 'उए ओ मुइते आरुको', म्हणजे वर बघत चालू या, डोळ्यांतलं पाणी खाली पडायला नको. १९६१ चं हे गाणं, साकामोतो क्यू यांचं. १९६३ मध्ये अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. तिकडे त्याला नाव दिलं 'सुकियाकी', जो इथला गोमांसाचा रस्सा आहे आणि ज्याचा गाण्याशी काडीचा संबंध नाही. मला याचा खरंच राग येतो. त्यात शिट्टीचा एक तुकडा आहे. आमच्याकडचे एक आजोबा कवळी काढून ठेवतात, तरी तो तुकडा आला की ओठांचा चंबू करतात. शिट्टी येत नाही, नुसती हवा येते, पण ताल चुकत नाही. साकामोतो १९८५ च्या ऑगस्टमधल्या विमान अपघातात गेले. त्यात ५२० माणसं गेली. आजोबा ते दर वेळी सांगतात आणि मी दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकते.

आणखी एक. 'सायोनारा' आपण सिनेमामुळे शिकलो, पण इथे रोजच्या बोलण्यात तो शब्द फारसा कानावर येत नाही. त्याचा मूळ अर्थ, "असं आहे तर मग...", आणि वाक्य तिथेच सोडून दिलेलं. घरातून निघताना म्हणतात 'इत्तेकिमासु', म्हणजे 'जाऊन येते'. आई, अगदी आपल्यासारखं! मी निघाले तेव्हा तू हातावर दही घातलंस, मी चुकून "जाते" म्हणाले आणि तू किती रागावलीस. "येते म्हण," म्हणालीस. बाच्यानला हे सांगितलं, तर त्यांनी माझा तोच हात हातात धरून ठेवला.

इथल्या एका टेकाडावर, समुद्राच्या कडेला, इशिकावा ताकुबोकु या कवीची समाधी आहे. १९१२ मध्ये सव्विसाव्या वर्षीच गेला. त्याच्या तीन ओळींच्या एका कवितेत तो गावाकडची बोली कानावर पडावी म्हणून स्टेशनच्या गर्दीत जाऊन उभा राहतो. हाकोदातेच्या स्टेशनवर मराठी कुठून ऐकू येणार? मी निघताना आपल्या एसटी स्टँडवर काढलेला व्हिडिओ लावते. त्यात तुम्ही दोघं नीट दिसत नाही, पण मागे कंडक्टर ओरडतोय, "चला, पुढं सरका, पुढं सरका!" तेवढ्यासाठी लावते.

आता रडण्याचं. गुरुवारी रात्रपाळीत बाच्यानला झोप येईना. म्हणाल्या, तुमच्याकडचं काहीतरी म्हण. मला आजीच्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या, माहेरच्या वाटेच्या. दोनच नीट येत होत्या, त्या हळू आवाजात म्हटल्या. अर्थ सांगितला: दळणारी बाई एकटीच आहे, पहाट आहे, ती जात्याशी बोलतेय. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग दक्षिणेकडच्या इत्सुकी गावची अंगाई म्हणू लागल्या. नावाला अंगाई, पण बाळासाठी नाहीच ती. गरिबीपायी परक्या घरी पोर सांभाळायला पाठवलेल्या मुलीचं गाणं आहे. 'बोन'पर्यंतच मी इथे, म्हणते. बोन म्हणजे इथला पितरांचा सण. मेले तर रस्त्याच्या कडेला पुरा, येणारेजाणारे एखादं फूल वाहतील. फूल कसलंही चालेल, रानातलं कामेलिया सुद्धा. पाणी आभाळच देईल.

आई, मला आजीचाच आवाज ऐकू आला गं. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नाही, आणि दुःख सांगायची रीत एकच. बाच्यान झोपल्यावर मी कपड्यांच्या खोलीत जाऊन भरपूर रडले. नंतर तुझा फोन आला.

तर एक काम आहे. आजीच्या ओव्या तुला सगळ्या येतात. पहाटे, टीव्ही बंद असताना, मोबाईलवर म्हणून पाठव. आप्पांनी मागे पेटी धरू नये, नुसता तुझा आवाज हवा. खोकला आला तरी पुसू नकोस. मंगळवारी माझी परत रात्रपाळी आहे, त्याआधी मिळालं तर बरं होईल. बाच्याननं विचारलंय, पुढच्या ओव्या कधी म्हणून.

पायमोजे मिळाले, ऊबदार आहेत. लसणाची चटणी संपत आलीय.

येते.

तुमची लेक