‘इतर’च्या रकान्यातली गाणी

प्रिय सुने,

जय भीम. तुझा व्हॉइस मेसेज परवा रात्री दोनदा ऐकला, उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते इतकं लांबत गेलं की म्हटलं आता पत्रच लिहिते, हॉस्टेलला असताना सुट्टीत एकमेकींना लिहायचो तसं. तू म्हणालीस की ब्लॅक गायिका बियॉन्सेला ग्रॅमीत, म्हणजे अमेरिकेतल्या त्या सगळ्यात मोठ्या संगीत अवॉर्डमध्ये, अल्बम ऑफ द इयर मिळालं ना एकदाचं, मग आता ब्लॅक कलाकारांचे वेगळे अवॉर्ड कशाला, तिकडे लंडनला तुझ्यासोबतच्या नर्सेस मोबो, तिथले ब्लॅक संगीताचे अवॉर्ड, बघत होत्या तर तुला ते सगळं समजूत काढल्यासारखं वाटलं. राग नाही आला गं, पण झोपही नाही लागली.

आधी तो दिवस सांगते. 3 फेब्रुवारी 2025, सोमवार, त्यांच्याकडे लॉस एंजेलिसला रविवारची रात्र आणि माझ्याकडे सकाळचे दहा. पिठाच्या डब्याला फोन टेकवून मी पोळ्या लाटत होते. शेवटचं अवॉर्ड द्यायला फायर ब्रिगेडचे लोक आले होते, तिथल्या आगी विझवलेले, आणि त्यांनी ‘काउबॉय कार्टर’, तिच्या कंट्री वळणाच्या अल्बमचं नाव, म्हटलं तेव्हा तव्यावरची पोळी पार काळी झाली आणि मी तिथेच उभी राहून रडले. कारण हे अवॉर्ड तिच्या हातून 2010 ला गेलं, 2015 ला गेलं, 2017 ला ‘लेमोनेड’चं गेलं, 2023 ला परत गेलं. त्या 2023 च्याच रात्री तिचे 32 ग्रॅमी झाले होते, जगात तेवढे कोणाकडेच नव्हते, पण वर्षाचा सगळ्यात चांगला अल्बम मात्र एकदाही तिचा नाही! 2024 ला तिच्या नवऱ्याने, जे-झीने, त्यांच्याच स्टेजवर उभं राहून हा हिशोब त्यांच्या तोंडावर मांडला होता, आठवतंय ना, तूच क्लिप पाठवली होतीस.

आणि स्टेजवर गेल्यावर तिने नाव कोणाचं घेतलं तर लिंडा मार्टेलचं. ही बाई 1969 ला ग्रँड ओल ऑप्रीच्या स्टेजवर गायली, कंट्री संगीताचं ते सगळ्यात मानाचं ठिकाण, तिथे एकटीने गाणारी पहिली ब्लॅक बाई. 1970 ला तिचा एक अल्बम आला आणि त्यानंतर त्या इंडस्ट्रीत तिला कोणी टिकूच दिलं नाही. तिला नावं ठेवणारे श्रोते होते, पण तिच्या पाठीशी उभं राहणारं कोणी नव्हतं. पन्नासेक वर्षांनी दुसरी एक जण येऊन तिचं नाव घेते तेव्हा ते नुसतं थँक्यू नसतं, आपल्याकडे कार्यक्रमात आधी आधीच्या शाहिरांचं नाव घेतात ना, तसं असतं ते.

तू म्हणशील ब्लॅक कलाकारांना आधीही मिळालंय की. मिळालंय. गायक स्टीव्ही वंडर, 1974. 1959 पासून हे अवॉर्ड देतायत आणि ब्लॅक माणसाचं नाव पहिल्यांदा निघालं ते 1974 ला! त्याचा ‘इनरव्हिजन्स’ अल्बम येऊन तीनच दिवस झाले होते तोच त्याच्या गाडीला जबर अपघात झाला, कित्येक दिवस शुद्ध नव्हती, आणि पुढच्या मार्चमध्ये हा 23 वर्षांचा मुलगा ते अवॉर्ड घेऊन गेला. पुढच्या वर्षी परत, 1977 ला परत. 1976 ला पॉल सायमनला मिळालं तर त्याने स्टेजवरून स्टीव्हीचे आभार मानले की बाबा, यंदा तू अल्बम काढला नाहीस. इतका दरारा. पण एक स्टीव्ही झाला म्हणून दार उघडलं असं होत नाही ना सुने. मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ घे, 1971 चा, आज सगळ्या थोर अल्बमच्या यादीत वर असतो, त्याला तेव्हा या अवॉर्डचं नॉमिनेशनसुद्धा नव्हतं. ब्लॅक बायकांमध्ये बियॉन्सेच्या आधी शेवटची लॉरिन हिल, 1999, त्या रात्री तिने पाच ग्रॅमी नेले. त्यानंतर 26 वर्षं काहीच नाही. 26 वर्षांत ब्लॅक बायकांनी वर्षातला सगळ्यात चांगला असा एकही अल्बम केला नाही यावर तुझा विश्वास बसतो का?

मला सगळ्यात लागतं ते हरणं नाही, खाना पाडणं लागतं. ‘लेमोनेड’ला 2017 ला काय मिळालं माहितीये? ‘अर्बन कंटेम्पररी’ अल्बमचं अवॉर्ड. अर्बन म्हणजे काय, तर ब्लॅक म्हणायचं नसलं की वापरायचा शब्द. त्यावर खूप बोंब झाली तेव्हा 2020 ला कुठे ते नाव बदलून ‘प्रोग्रेसिव्ह आर अँड बी’ केलं. रॅपला तर 1989 पर्यंत खानाच नव्हता, आणि त्या वर्षी दिला तर म्हणे ते अवॉर्ड टीव्हीवर दाखवणार नाही, म्हणून मग विल स्मिथ आणि जॅझी जेफ जिंकूनही गेलेच नाहीत.

हे वाचलं तेव्हा मला भाऊमामा आठवला. तुला सांगितलंय का मी, आठवत नाही. मामाच्या भीमगीतांची कॅसेट निघाली त्या वर्षी कोणीतरी त्याला एका संस्थेच्या संगीत स्पर्धेचा फॉर्म आणून दिला. शास्त्रीय, नाट्यगीत, भावगीत, भक्तिगीत, लोकगीत असे रकाने होते. मामाने ‘लोकगीत’वर खूण केली. टेबलावरच्या माणसाने ती खोडली आणि ‘इतर’वर केली, वर म्हणाला हे प्रचाराचं आहे. मामा काही बोलला नाही, पेटी उचलली आणि एसटीने परत आला. मी तेव्हा नऊ वर्षांची, त्याच्या पायाशी बसून ऐकत होते, त्याच्या बोटाला कार्बनची निळी शाई लागली होती आणि तो ती धोतराला पुसत होता, पुसत होता, जातच नव्हती.

त्याच 14 एप्रिलला वस्तीतल्या पोरांनी वर्गणी काढून मामाला शील्ड दिली. लाकडी, निळी मखमल, वर पितळेचा पत्रा, त्यावर ‘भाऊराव’मधल्या ‘रा’चा काना कोरायचा राहिलाय. ती आजही आमच्या टीव्हीवर आहे. आई दर वर्षी 13 एप्रिलला चिंच लावून तो पत्रा घासते, इतकी की आता अक्षरं पुसट झालीत. समजूत काढायला दिलेली असती तर कोणी तीस वर्षं घासली असती का?

आता तुझ्या प्रश्नावर येते. डॉन कॉर्नेलियसने शिकागोच्या एका लोकल चॅनलवर 1970 ला ‘सोल ट्रेन’ हा ब्लॅक संगीताचा कार्यक्रम सुरू केला आणि 1987 ला त्याचेच अवॉर्ड काढले, तिथे आर अँड बी, रॅप, गॉस्पेल हे कोपऱ्यातले खाने नव्हते, तोच मुख्य कार्यक्रम होता. सगळं तिथे गोडच होतं असंही नाही. 1989 ला व्हिटनी ह्यूस्टनचं नाव घेतलं तर आपल्याच लोकांनी हुर्यो उडवली, फार गोरी गाणी गाते म्हणून, आणि त्या पोरीच्या ते फार जिव्हारी लागलं. घरचे लोकही चुकतात, आपल्याकडे कमी बघितलंय का आपण.

आणि इमेज अवॉर्ड! ते एनएएसीपी, अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना, देते, 1967 पासून, त्यात आउटस्टँडिंग अल्बम असा वेगळा मान आहे आणि 2017 ला तो ‘लेमोनेड’ला मिळाला, अर्बन-बिर्बन काही न लावता. आता ऐक, ही एनएएसीपी 1909 ला ज्यांनी उभी केली त्यांच्यात ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस होते, आणि 1946 ला बाबासाहेबांनी पत्र लिहिलं ते याच डुबॉइसना. अमेरिकेतले ब्लॅक लोक युनोकडे अर्ज करतायत असं कळल्यावर त्याची प्रत मागवली होती, आपल्या लोकांनाही तोच रस्ता धरता येईल म्हणून. डुबॉइसचं उत्तरही आलं होतं. ते वाचल्यापासून मला ते अवॉर्ड परक्याचं वाटतच नाही गं, कोणाला मिळालं हे मी शेजारच्या घरातला निकाल बघावा तसं बघते.

तुझ्या तिकडचं मोबो पण बघ ना जरा नीट. कन्या किंग नावाच्या बाईने स्वतःच्या घरावर कर्ज काढून 1996 ला ते उभं केलं. नावातच त्यांनी गाणाऱ्याचा रंग नाही धरला, संगीताचं मूळ धरलंय, ब्लॅक मुळाचं संगीत. पहिल्याच वर्षी बेस्ट अल्बम गोल्डीच्या ‘टाइमलेस’ला, बालगृहांमधून आणि पालक घरांमधून वाढलेला पोरगा. मूळ कोणाचं ते आधी लिहून ठेवायचं, मग गाणं कोणीही गावं. आपल्या गाण्यांच्या चाली उचलून ज्यांनी नावं कमावली त्यांनी मूळ कुठे लिहिलं?

बियॉन्सेला मिळालं याचा मला आनंद आहे, पोळी जाळण्याइतका आनंद आहे. पण त्या मोठ्या अवॉर्डला तिची किंमत कळेपर्यंत इतकी वर्षं ती गाणी कोणी सांभाळली, हे मला तुला सांगायचं होतं.

बरं, आता कामाचं. मामाची ती कॅसेट मी डिजिटल करून आणलीये. पट्टी दोन ठिकाणी चिकटली होती, पण बी साइड स्वच्छ निघाली, आणि सुने, तिसऱ्या गाण्यात कोरस आहे त्यात तुझ्या आईचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू येतोय, मामाने ‘भीमराया’ म्हटलं की ती अर्धी मात्रा आधीच उचलते. फाइल पाठवतेय, हेडफोन लावून ऐक, ड्युटीवर नको ऐकूस. काल अपलोड करायला बसले तर प्रकार विचारला, खाली लांबलचक यादी आणि सगळ्यात शेवटी ‘इतर’. तिथेच थांबले आणि फॉर्म तसाच उघडा ठेवलाय. काय लिहू ते तू आणि मावशी ठरवा आणि रविवारी फोन कर.

तुझीच,
रंजू