कर्कटक हातात देणाऱ्या मॅडमना

मॅडम,

स. न. वि. वि.

हे पत्र टपालानेही पाठवता आलं असतं. उघड लिहितोय, कारण ज्यांनी ते वाचावं असं मला फार वाटतं ती माणसं तुमच्या पत्त्यावर राहत नाहीत.

नाव कुणाचंच लिहीत नाही. माझ्या मुलाचं तर लिहिताच येत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं 74 वं कलम तुम्हीच मला दाखवलं होतंत. गुन्ह्याच्या चौकशीत सापडलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. तोवर आमच्या भागातल्या एका बातम्यांच्या ग्रुपने चाळीचं नाव आणि बापाचा धंदा, दोन्ही छापून टाकलं होतं. तेव्हा मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लेथ मशीनवर काम करतो एवढं सांगायला आता हरकत नाही. माझ्यासारखे तिथे गल्लीगल्लीत आहेत.

काय घडलं तेही सांगत बसत नाही. पोराने जे केलं ते त्याने बाल न्याय मंडळासमोर स्वतःच्या तोंडाने सांगितलं. जे केलं नव्हतं ते केलं नाही, हेही सांगितलं. पुढचं मंडळ बघेल.

मला आभार मानायचे आहेत ते भूमितीचे.

पोरगा दहावीत. भिवंडीच्या निरीक्षण गृहात, म्हणजे चौकशी चालू असताना अशा मुलांना ठेवतात तिथे, गेला तेव्हा बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. कायदा तसा काळजीने लिहिलाय, हे मला त्या दिवसांत कळलं. मुलाला 24 तासांच्या आत मंडळासमोर न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, बेडी घालायची नाही. मंडळावर एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक, त्यांत एक तरी बाई हवीच. मी काळे कोट, कठडा असलं काय काय डोक्यात घेऊन गेलो होतो. समोर साधं टेबल होतं आणि पोराला आधी ‘जेवलास का’ विचारणारी एक बाई होती.

पण मुलाला परत शाळेच्या बाकावर कोण नेऊन बसवणार? आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो. आमचा दहावीतला. हा हिशोब शाळेला माझ्या आधीच पाठ होता. ‘दाखला घेऊन जा, पुढच्या वर्षी 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा, तुम्हालाही बरं आणि आम्हालाही.’ हे ऐकून बाहेर पडलो तर गेटवर शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स. त्या शंभरात माझा पोरगा बसत नव्हता.

क्लासवाल्यांनी तर त्याच रात्री त्याला ग्रुपमधून काढलं. फीचा शेवटचा हप्ता मात्र त्यांच्याकडेच राहिला. ज्यांच्या दहीहंडीला दर वर्षी वर्गणी देतो ते आमचे दादा म्हणाले, बघतो. अजून बघतायत. सख्ख्या भावाने फोन उचलणं बंद केलं. असो.

आणि तुम्ही, गृहातल्या मुलांना शिकवणाऱ्या. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने पोराला एकच प्रश्न विचारला होता, का केलंस? मीही तेच विचारत होतो, बाप आहे, विचारणारच. तुम्ही पहिल्या भेटीत विचारलंत, ‘शाळेत कुठवर झालं होतं?’ तो म्हणाला, भूमिती राहिलीय, रचनेचा धडा. तुम्ही वहीत लिहून घेतलंत.

आता रचना करायची तर कर्कटक लागतं. आणि कर्कटकाला टोक असतं. टोकदार वस्तू आत नेता येत नाही, आणि या नियमाला मी नावं ठेवणार नाही. लोखंडात आयुष्य गेलंय माझं, टोक काय करू शकतं ते मला कुणी सांगायला नको. तुम्ही परवानगी काढलीत. रजिस्टरवर तुमची सही, येताना-जाताना मोजणी, कर्कटक तुमच्याच पर्समध्ये. त्यासाठी किती खेटे घातलेत ते तुम्ही कधी बोलला नाहीत.

हे मला तेव्हाच माहीत होतं. पुढचं मात्र पोराने घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी सांगितलं, जेवताना, ताटात बघत.

तुम्ही कर्कटक त्याला दिलंत ते टोक स्वतःकडे धरून. मग खुर्ची वळवलीत आणि त्याच्याकडे पाठ करून दुसऱ्या एका मुलाचा निबंध तपासायला बसलात.

मी विचारलं, ‘मग?’

‘मग काय? स्पर्शिका काढली.’

वर्तुळाच्या बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका. केंद्र आणि तो बिंदू जोडायचा, त्या रेषेचा मध्य काढायचा, तिथे कर्कटक टेकवून केंद्रातून जाणारं दुसरं वर्तुळ काढायचं, दोन्ही वर्तुळं जिथे छेदतात तिथून त्या बाहेरच्या बिंदूपर्यंत रेषा ओढायची. त्याने मला ताटाशेजारी बोटाने काढून दाखवली. मी म्हटलं, मॅडमनी वळून बघितलं नाही? तर म्हणाला, ‘पप्पा, तिथे दिवसभर कुणीतरी बघतच असतं. झोपलेलो असतो तेव्हापण. मॅडम नव्हत्या बघत.’

मॅडम, तुमच्यासमोर त्याची फाईल होती. त्यात काय लिहिलंय ते तुम्ही वाचलं होतं. रजिस्टरवर सही तुमची होती. काही बरंवाईट झालं असतं तर जाब तुम्हाला द्यावा लागला असता, नोकरीही गेली असती. मी लेथ शिकलो तेव्हा आमचे उस्ताद नव्या पोराच्या हातात मायक्रोमीटर दिला की त्याच्या डोक्यावर उभे राहायचे. दोन-दोन महिने. पोराची बोटं थरथरायची, माप चुकायचं, मग उस्ताद म्हणायचे, बघ, मला माहीतच होतं. मीसुद्धा पुढे हाताखालच्या पोरांना तसंच शिकवलं आणि त्यालाच शिकवणं समजत आलो. तुम्ही पाठ फिरवलीत हे ऐकल्यापासून वर्कशॉपमध्ये माझी जरा पंचाईत झालीय. हेल्परच्या डोक्यावर उभा राहायला गेलो की पाय अडतो.

शाळेत तुम्ही काय बोललात ते मला माहीत नाही. मी बाहेर बाकावर बसलो होतो. आतून आवाज चढल्याचं ऐकू आलं नाही. बाहेर आलात तेव्हा तुमच्या हातात हॉल तिकीट होतं आणि शाळेने अंतर्गत गुण भरायचंही कबूल केलं होतं. बाकीची कागदपत्रं, अर्ज, शिक्के यांची कथा मी इथे लावत नाही. तुम्हाला ती माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे आणि वाचणाऱ्यांना झोप येईल.

परीक्षेला त्याला घेऊन येणारे हवालदार साध्या कपड्यांत यायचे. तोही नियमच आहे म्हणे, पण नियम पाळणारा माणूस भेटावा लागतो. ते लांब उभे राहायचे, पोराला एकट्याला गेटातून आत जाऊ द्यायचे. पेपर संपेपर्यंत आम्ही दोघं समोरच्या टपरीवर. आजूबाजूचे पालक त्यांनाही पालकच समजत होते. एका बाईंनी तर त्यांना विचारलं, तुमचा मुलगा की मुलगी? ते म्हणाले, ‘मुलगा. गणिताचं टेन्शन आहे जरा.’ मी चहाचा ग्लास तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

अशी माणसं त्या महिन्यांत बरीच भेटली. आमच्या शेठने खाडे कापले नाहीत. भिवंडीहून परतताना कशेळीच्या पुलाआधी गाडी तासभर अडकायची, मला सेकंड शिफ्टला उशीर व्हायचा, तर शेजारच्या मशीनवरचा गडी माझाही जॉब लावून ठेवायचा. गृहातले एक काका, मंडळाच्या तारखेहून पोरं उशिरा परतली की त्यांचं जेवण झाकून ठेवायचे. यांतल्या एकानेही पोराने काय केलं याची चौकशी केली नाही. ज्यांनी अगदी खोदून खोदून चौकशी केली त्यांनी दुसरं काहीच केलं नाही. हे मी रागाने लिहीत नाही. म्हणजे, थोडं रागाने लिहितोय.

निकालाचं तुम्हाला फोनवर सांगितलंच. गणितात 64. पेपरात स्पर्शिकाच आली होती, हे मात्र त्याने तुम्हाला सांगितलं नसणार. शाळेचा निकाल यंदाही शंभर टक्के लागला. नवा फ्लेक्स लागलाय, त्या शंभरात माझा पोरगाही आहे आणि ते कुणी खोडू शकत नाही.

परवा शाळा सोडल्याचा दाखला आणला. वर्तणुकीच्या रकान्यात ‘चांगली’ लिहिलंय. शाळेच्या वर्तणुकीसाठी मात्र त्या कागदावर कुठेच रकाना नाही, मी उलटसुलट करून बघितला.

आयटीआयचा फॉर्म भरलाय. मला वाटलं होतं टर्नर घेईल, घरचाच धंदा आहे. साहेब म्हणतात ड्राफ्ट्समन व्हायचंय, लेथवर कपडे खराब होतात. तुमच्या भूमितीने माझा वारस पळवला, याबद्दल तुमच्याशी एकदा भांडायचं आहे.

येत्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं तिकडे येतोय. तो फार काही बोलणार नाही, आभार वगैरे तर अजिबात मानणार नाही. वय तसं आहे, मनावर घेऊ नका. आतल्या मुलांसाठी पेढे आणायचे आहेत, पण मागे गेटवर बाहेरचं गोड परत पाठवलं होतं. चालत नसेल तर तसं कळवा, केळी आणतो.

आपला,
एक लेथवाला, वागळे इस्टेट, ठाणे