फुली मारण्याआधी उत्तर वाचा

मा. संपादक,
स. न.

गणितात कच्च्या मुलांवरचा आपला कालचा लेख वाचला. अर्धं पान डिस्कॅल्क्युलियाची (आकडे आणि गणित उमगण्यातल्या अडचणीची) लक्षणं आणि शेवटी उपाय काय, तर पाढे पाठ करून घ्या. धन्य!

५२ वजा २७ चं उत्तर एखादं लेकरू ३५ लिहितं. यात पाढे आले कुठं? दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं सातातून दोन घालवले. मोठ्यातून लहान वजा करायचा हा नियम त्यानं स्वतःच बसवलाय आणि तो इमानानं पाळतंय. नुसत्या फुलीनं त्याला काय कळणार? दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढ्यात ठेवा, सत्तावीस काढायला सांगा. सुट्या पुरत नाहीत म्हटल्यावर गठ्ठा त्यालाच सोडू द्या. चार गठ्ठे, बारा सुट्या. त्यातून दोन गठ्ठे आणि सात काड्या उचलल्या की पंचवीस उरतात. हे हातानं जमल्यावरच कागदावर या. घाई केली की ४०२ वजा १७८ ला गाडी पुन्हा अडते, कारण दशकाच्या घरात शून्य असतं आणि आधी शतक सोडावं लागतं.

पंचवीस ऐकून ५२ लिहिणाऱ्यालाही लगेच आजार चिकटवू नका. बोलताना आपण पाच आधी म्हणतो, लिहिताना दोन. एकोणसाठमध्ये ऐकू येतं साठ, लिहायचे असतात ५९. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टसाठी ‘साठ तीन’ आलं, तेव्हा खिल्ली उडवण्यात कोण मागं होतं?

बीडकडची लेकरं दिवाळीनंतर आईबापांमागं ऊसतोडीला जातात, त्यांचा तर नेमका हाच धडा बुडतो. तो आजार नव्हे. मात्र रोज काड्यांवर शिकवूनही काही महिन्यांनी सात मोठा की नऊ हे मोजल्याशिवाय सांगता येत नसेल, तर आधी डोळे-कान तपासा, मग तज्ज्ञांकडे पाठवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्कॅल्क्युलियाचा उल्लेख आहे, प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ मिळतो. पालकांच्या कामाची ही एक ओळ लेखात नाही. रडणाऱ्या मुलाच्या फोटोला मात्र चार कॉलम!

जाता जाता, रविवारच्या बालपुरवणीत अंककोड्याचं उत्तर आपण उलटं छापता. तीन आणि सहा आधीच उलटेसुलटे लिहिणाऱ्या मुलांची ही उत्तम सोय झाली.

– एक वाचक, सेलू (जि. परभणी)