आमच्या ४,३८० पौंडांना परंड्याची वाट दाखवा : केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,
स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहिते आहे. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय ३ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्याच मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा आपल्या कार्यालयात मराठी वाचणारे कुणीतरी असेलच. माझी मराठी मात्र अभिजात नाही, बार्शीची आहे. सांभाळून घ्यावे.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. बावीस वर्षे झाली. इथल्या दहा-बारा मराठी घरांनी मिळून चालवलेल्या एका चिमुकल्या धर्मादाय संस्थेची मी खजिनदार आहे. पगारी माणूस एकही नाही. कार्यालय म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातले टेबल आणि दप्तर म्हणजे फ्रिजवर ठेवलेली एक बॉक्स फाइल. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे, अमेरिकेतले महाराष्ट्र फाउंडेशन १९७८ सालचे. त्यांच्या शेजारी आमचे नाव घेणेही हास्यास्पद होईल. पण जगभर विखुरलेल्या मराठी माणसांच्या बहुतेक संस्था आमच्याएवढ्याच असतात, आणि हे पत्र त्या आकाराबद्दलच आहे: एवढ्या छोट्या संस्थेने जमवलेली मदत गावाकडच्या तेवढ्याच छोट्या संस्थेला कायद्यामुळे का देता येत नाही, याबद्दल.

२०२५च्या सप्टेंबरात, ऐन नवरात्रात, सीना नदीला पूर आला. धाराशिव, सोलापूर, बीड इथल्या बातम्या आपल्यापर्यंत आल्याच असतील. राज्य सरकारने पुढे ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. माझे माहेर बार्शीचे, त्यामुळे मला बातम्यांआधी फोन आले. धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात नदीकाठच्या एका गावात दहा बायका आणि दोन निवृत्त गुरुजी मिळून मुलांसाठी अभ्यासिका चालवतात. दुपारी त्याच खोलीत शिवणवर्ग भरतो. धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदलेली संस्था आहे, दरवर्षी हिशेब तपासून घेते. वर्षाचा सगळा खर्च दोन-अडीच लाख. पाणी खोलीत छातीएवढे चढले. पुस्तकांचा लगदा झाला, सात शिलाई मशिनी चिखलात गेल्या. ज्यांची पोरे तिथे येतात त्यांच्या रानातली माती खरवडून गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. एक बाई फोनवर मला म्हणाली, "ताई, म्हशी दावणीला बांधलेल्याच ऱ्हायल्या." पुढे ती बोलली नाही, मीही विचारले नाही.

त्या आठवड्यात आमचा भोंडला होता, एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन. खिरापत ओळखण्याचा खेळ त्या दिवशी झाला नाही. मुलींनी साबुदाण्याचे वडे दोन पौंडांना प्लेट असे विकले. शेजारपाजारचे इंग्रज आले, एक पोलिश कुटुंब आले, आमच्या गल्लीतल्या निवृत्त पोस्टमनने वीस पौंडांची नोट दिली आणि वडा मात्र नको म्हणाला. खजिनदार असल्याने आकडे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. देणग्या २,९९२ पौंड. त्यावर इथल्या सरकारने गिफ्ट एड म्हणून परत केलेला कर, पौंडामागे २५ पेन्स, म्हणजे ७४८. वडे आणि चहा ६४०. (वड्यांवर गिफ्ट एड मिळत नाही. वडा ही विक्री झाली, देणगी नव्हे. इथले सरकारही काही कमी चिकट नाही.) एकूण ४,३८० पौंड. रुपयांत पाच लाखांच्या थोडे वर.

हे पैसे आजही रेडिंगमधल्या बँकेत पडून आहेत.

कारण आपल्याला ठाऊकच आहे. परकीय देणगी नियमन कायदा, ज्याला सगळे नुसते एफसीआरए म्हणतात, तो आपल्या मंत्रालयाकडे आहे. परंड्याच्या त्या संस्थेकडे एफसीआरएची नोंदणी नाही आणि मिळण्यासारखीही नाही. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षे जुनी असावी लागते, ती आहे. पण गेल्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. वर्षाला अडीच लाखांत गाव सांभाळणाऱ्या बायकांनी हे १५ लाख कुठून आणायचे? जिच्याकडे आधीच पैसा आहे तिलाच बाहेरून पैसा घेता येईल, असा हा हिशेब झाला.

दुसरी वाट पूर्वपरवानगीची, म्हणजे नोंदणीऐवजी त्या एका देणगीपुरती मंत्रालयाची परवानगी काढायची. ती कागदावर उघडी आहे, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. त्यासाठी देणगीदाराचे वचनपत्र, प्रकल्पाचा तपशील, सर्व पदाधिकाऱ्यांचे आधार, शपथपत्रे आणि दिल्लीत ११, संसद मार्ग इथल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते लागते. खाते उघडायला दिल्लीला जावे लागत नाही, जवळच्या शाखेतून होते, हेही खरे. अर्जाचा निकाल साधारण ९० दिवसांत लागावा असे कायदाच म्हणतो. पण गुरुजींनी अर्ज संगणकावर उघडून पाहिला आणि मला फोन केला. म्हणाले, "बाई, एवढ्यात मुलांची वार्षिक परीक्षा होईल." आणि एवढे सगळे एकदाच येणाऱ्या पाच लाखांसाठी. कागद करून देणाऱ्याची फी त्यातूनच जायची.

तिसरी वाट २०२० पर्यंत होती. नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेने बाहेरचा पैसा घ्यायचा आणि त्यातला वाटा नोंदणी असलेल्या, पण स्वतः परदेशी पोहोचू न शकणाऱ्या छोट्या संस्थेला द्यायचा. नोंदणी नसलेल्यांनाही आपल्या मंत्रालयाच्या परवानगीने असा वाटा मिळू शकत असे. खेड्यापाड्यातले काम असेच चाले. सप्टेंबर २०२०च्या दुरुस्तीने कलम ७ बदलले आणि परकीय देणगी दुसऱ्या कुणालाही पुढे देण्यावर सरसकट बंदी आली. मराठवाड्यात चांगले काम करणाऱ्या एका मोठ्या संस्थेला मी विचारून पाहिले. तिथल्या बाईंनी फार सौजन्याने उत्तर दिले: पैसे घेऊ, खर्चही करू, पण आमच्या स्वतःच्या कामावर, आमच्या तालुक्यात. परंड्याला एक रुपया दिला तरी आमची नोंदणी जाईल. त्यांचे काही चुकले नाही. वीस हजारांहून अधिक संस्थांच्या नोंदण्या आजवर रद्द झाल्या आहेत, त्या का धोका पत्करतील?

आता गंमत सांगते. माझे पारपत्र भारतीय आहे, माझ्या नवऱ्याचे ब्रिटिश. (दोन्ही हल्ली निळीच असतात. ड्रॉवरमधून घाईत काढताना अदलाबदल होते.) मी माझ्या बचतीतून, बँकेमार्फत, परंड्याला पैसे पाठवले तर ती परकीय देणगी नव्हे. भारतीय नागरिकाने असे दिलेले पैसे कायदा परके मानत नाही, आणि मी माझ्यापुरते पाठवलेही. नवरा सोलापूरच्या हरिभाई देवकरणमध्ये शिकला, अजून स्वप्नात मराठीत बडबडतो, त्याच्याकडे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारे ओसीआय कार्ड आहे. पण त्याने पाठवले तर परकीय. आणि माझेच पैसे मी आधी आमच्या संस्थेच्या डब्यात टाकले, की तेही परकीय. एका घरातला, एका पगारातला पैसा. टेबलाच्या या टोकाला देशी आणि त्या टोकाला विदेशी.

याहून मोठी विसंगती पुढे आहे. जुलै २०२२ मध्ये आपल्याच मंत्रालयाने नियम बदलला. परदेशातल्या नातेवाइकाकडून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत रक्कम घेतली तर सरकारला कळवण्याचीसुद्धा गरज नाही. आधी ही मर्यादा १ लाख होती. निर्णय चांगलाच आहे, आमच्यासारख्या कित्येक घरांची त्याने सोय झाली. पण त्याचा अर्थ असा होतो की माझ्या नवऱ्याने भावाला कार घ्यायला दहा लाख पाठवले तर कुणी हिशेब मागत नाही, आणि चाळीस मुलांच्या वह्या-पुस्तकांना पाच लाख पाठवले तर घेणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून आमच्या बैठकीत काय झाले तेही सांगायला हवे. एकाने सुचवले, "ताई, तुमच्या बार्शीच्या भावाच्या खात्यावर टाका. तो नातेवाईक. तो गावात नेऊन रोख देईल." कुणी हसले नाही, सगळे माझ्याकडे पाहत राहिले. सूचना करणारा माणूस लबाड नाही. त्याने पंचवीस वर्षे आयुष्यात एक पार्किंगचा दंड चुकवलेला नाही. मी नाही म्हणाले. गिफ्ट एड घेतलेला पैसा देशाबाहेर पाठवताना तो सत्कार्यालाच लागेल याची वाजवी खात्री आम्हा विश्वस्तांना करून घ्यावी लागते. भावाने नेलेल्या रोख नोटांची कसली खात्री आणि कसली पावती? शिवाय माझा भाऊ एलआयसीचा एजंट आहे, त्याला कशाला तुरुंगात पाठवू? पण महोदय, किती छोट्या संस्थांचे खजिनदार दरवर्षी ही सूचना ऐकत असतील, आणि त्यातले किती हो म्हणत असतील, याचा विचार आपल्या मंत्रालयाने करावा. पैशावर नजर ठेवण्यासाठी केलेला कायदा पैसा नजरेआड ढकलतो आहे.

अंकुश नकोच असे मी म्हणत नाही. बाहेरच्या पैशाने देशात काय काय होऊ शकते, हे मला कळते. हिशेबनीस म्हणून खोटी बिलेही पुष्कळ पाहिली आहेत. ८ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०२०ची दुरुस्ती वैध ठरवली आणि परकीय देणगी घेणे हा काही निरपवाद हक्क नव्हे असे सांगितले. तेव्हा हक्काची भाषा मी करत नाही, विनंती करते.

आणि हा कायदा वाकत नाही असेही कुणी सांगू नये. १९७६ साली तो पहिल्यांदा झाला तो मुख्यतः राजकारणात बाहेरचा पैसा येऊ नये म्हणून. २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दोन मोठ्या राष्ट्रीय पक्षांनी तो मोडल्याचे म्हटले. त्यानंतर २०१६ आणि २०१८ मध्ये वित्त विधेयकांतून 'परकीय स्रोत' या शब्दाची व्याख्याच बदलण्यात आली, आणि तीही मागे जाऊन, थेट ऑगस्ट १९७६ पासून. पक्षांसाठी बेचाळीस वर्षे मागे जाता आले. परंड्यासाठी आम्ही शाळा उघडायच्या जूनपर्यंत पुढेच यायला सांगतो आहोत.

कायदा बदलायचीही गरज नाही. कलम ५० आपल्या हातात आहे. लोकहितासाठी आवश्यक वाटल्यास केंद्र सरकार एखाद्या संस्थेला, अटी घालून, कायद्याच्या तरतुदींमधून सूट देऊ शकते. पीएम केअर्स फंडाला २०२० मध्ये एफसीआरएतून सूट मिळाली. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीला मे २०२५ मध्ये एफसीआरएची नोंदणी मिळाली, देशातला तो असा पहिला राज्य निधी, आणि मला त्याचा आनंदच आहे. बैठकीत एकाने तेही सुचवले: मुख्यमंत्री निधीला द्या आणि मोकळे व्हा. पण तो पोस्टमन आणि त्या मुली यांना मी सात शिलाई मशिनी आणि एका खोलीतली पुस्तके सांगितली होती. मोठ्या निधीत टाकलेले ४,३८० पौंड कुठे गेले हे मी त्यांना कसे दाखवू? आमच्यासारख्यांचे सगळे बळ यातच असते की देणारा आणि घेणारी एकमेकांना नावाने ओळखतात.

मागणी अशी आहे. ज्या जिल्ह्यात आपत्ती जाहीर झाली असेल तिथल्या, धर्मादाय आयुक्तांकडे किमान तीन वर्षे नोंदलेल्या आणि तपासलेले हिशेब दाखवू शकणाऱ्या संस्थेला, वर्षातून एकदाच, १० लाख रुपयांपर्यंत परकीय देणगी घेण्याची मुभा द्यावी. आकडा मुद्दाम नातेवाइकांचाच घेतला आहे, म्हणजे नवा शोधायला नको. पैसे येण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे, खर्च झाल्यावर तीन महिन्यांत बिलांसह हिशेब संकेतस्थळावर टाकायचा. खाते दिल्लीतच हवे असेल तर दिल्लीत, आमची हरकत नाही. एकानेही गैरव्यवहार केला तर त्याच्यावर आहे तोच कायदा, आहे तीच शिक्षा. ही मुभा द्यायची नसेल तर निदान कलम ७ची गाठ आपत्तीपुरती सैल करावी, म्हणजे मोठ्या संस्थेला आपल्या जबाबदारीवर छोट्या संस्थेपर्यंत पैसा नेता येईल. दोन्हींपैकी मला पहिली वाट पसंत आहे. दुसरीत छोटीला पुन्हा मोठीच्या ओसरीवर बसून राहावे लागते.

शिलाई मशिनींपैकी तीन गावातल्या मिस्त्रीने उघडून, रॉकेलने धुऊन चालू केल्या आहेत. चार भंगारात गेल्या. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. पुस्तकांची यादी गुरुजींनी पाठवली आहे, बार्शीच्या दुकानदाराने दरही कळवले आहेत आणि ते तो जूनपर्यंत धरून ठेवणार आहे.

उत्तराची वाट पाहते.

कळावे,
आपली नम्र,
एका छोट्या संस्थेची खजिनदार
रेडिंग, इंग्लंड

ता. क. : निवृत्त पोस्टमन दर दोन आठवड्यांनी कुंपणावरून विचारतो, मशिनी पोहोचल्या का. मी त्याला सध्या हवामानाबद्दल सांगते.